क्षणभर जगणाऱ्या पानात ऑब्जेक्ट कशाला?

हैदराबादच्या काचीगुडा स्थानकावर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचा फलक एका वेबपानावर दाखवायचा आहे, असं समजा. गाडीचं नाव, कुठून आली, फलाट कोणता, वेळेवर आहे की उशिरा. काम एवढंच. १९९७-९८ साली पीएचपीत हे काम करणाऱ्यानं साध्या एचटीएमएल पानात मधेच चार ओळी पेरल्या असत्या: डेटाबेस उघड, गाड्या आण, एकेक ओळ छाप, बंद कर. आज हेच काम शिकवणारं पुस्तक उघडलं, तर त्यात ‘गाडी’ नावाचा एक क्लास असतो, ‘फलाट’ नावाचा दुसरा, गाड्यांची यादी सांभाळणारा तिसरा, डेटाबेसशी बोलणारा चौथा आणि या चौघांची गाठ घालून देणारा पाचवा. ग्राहकाला पडद्यावर दिसणारा फलक दोन्ही वेळा हुबेहूब सारखाच.

मग मधली पंचवीस वर्षं या भाषेच्या कर्त्यांनी आणि वापरणाऱ्यांनी क्लास, इंटरफेस, प्रायव्हेट, ट्रेट अशा गोष्टींवरून एवढी भांडणं का केली? हा वाद ‘जुनं विरुद्ध नवं’ असा सांगण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. वादाचं मूळ पानाच्या आयुष्यात आहे.

ऑब्जेक्ट ही कल्पना जन्मली नॉर्वेत, ऑस्लोच्या संगणक केंद्रात. ओले-योहान दाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांना खऱ्या जगातल्या गुंतागुंतीच्या व्यवहारांची संगणकावर नक्कल करून पाहायची होती. त्यासाठी त्यांनी सिम्युला ही भाषा रचली आणि ‘सिम्युला ६७’ मध्ये क्लास, ऑब्जेक्ट, वारसा हे सगळं आलं. पुढे सत्तरच्या दशकात झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक ही भाषा घडवली. दोन्हीकडे गृहीत एकच होतं: कार्यक्रम सुरू झाला की तो बराच वेळ चालणार. त्यातल्या वस्तू जन्मतील, एकमेकींना निरोप पाठवतील, बदलतील. आपली स्थिती आपल्यापाशी जपून ठेवणं हाच ऑब्जेक्टचा धर्म.

पीएचपीचं पान असं जगत नाही. कुणीतरी ब्राउझरमध्ये पत्ता टाकतो, सर्व्हर जागा होतो, कोड पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत धावतो, एचटीएमएल बाहेर पडतं आणि त्या धावेत तयार झालेली प्रत्येक गोष्ट पुसली जाते. सगळा संसार सेकंदाच्या काही अंशात आटोपतो. पुढच्या माणसानं तेच पान मागितलं की पाटी पुन्हा कोरी. जपायचं ते सगळं डेटाबेसमध्ये. मनमाडहून आलेली अजिंठा एक्सप्रेस किती उशिरा आहे, हे ‘गाडी’ ऑब्जेक्टला ‘आठवत’ नाही. ते तक्त्यातल्या एका ओळीत लिहिलेलं असतं. ऑब्जेक्ट ती ओळ वाचतं, छापायला देतं आणि मरतं.

म्हणून विरोधकांचा पहिला आक्षेप अगदीच बिनबुडाचा नव्हता. ज्याला स्थितीच जपायची नाही, त्याला स्थिती जपणाऱ्या वस्तू कशाला? यादी आणायची, अ‍ॅरेत भरायची, छापायची. पीएचपीतली अ‍ॅरे आधीच इतकी लवचीक की तीत क्रमांकानेही भरता येतं आणि नावानेही. त्यापुढे क्लासचा थाट कुणाला हवा होता?

खरं तर सुरुवातीला तो कुणाला फारसा नकोच होता. ग्रीनलंडमध्ये जन्मलेले रास्मुस लेरडॉर्फ यांनी १९९४ साली आपल्या ऑनलाइन बायोडेटाला कोण भेट देतं हे पाहण्यासाठी सी भाषेत काही छोटी साधनं लिहिली आणि जून १९९५ मध्ये ती जाहीर केली. नावही तसंच घरगुती, ‘पर्सनल होम पेज टूल्स’. भाषेला भाषेचं रूप आलं ते इस्रायलमधल्या टेक्निऑन संस्थेचे दोन विद्यार्थी, झीव सुरास्की आणि आंदी गुटमान्स, यांनी तिचा गाभा नव्यानं लिहिला तेव्हा. जून १९९८ मधल्या पीएचपी ३ मध्ये ‘क्लास’ हा शब्द होता. पण आतून ते ऑब्जेक्ट म्हणजे नावांनी भरलेली अ‍ॅरे आणि तिला चिकटवलेली फंक्शनं, एवढंच होतं. अ‍ॅरेतली चीज काढायला चौकोनी कंस आणि ऑब्जेक्टमधली काढायला बाण, हा लिहिण्यातला फरक. (जाता जाता: सुरास्की आणि गुटमान्स यांची खूण भाषेत अजून टिकून आहे. क्लासच्या नावापुढे जे जोड-अपूर्णविराम येतात ते चुकले की पीएचपी पुष्कळ वर्षं ‘पामायिम नेकुदोतायिम’ असा संदेश द्यायची. जगभरच्या नवशिक्यांना ही कसली शिवी, असा प्रश्न पडे. हिब्रूत त्याचा अर्थ फक्त ‘दोनदा अपूर्णविराम’ असा आहे.)

वरवरची सोय म्हणून घातलेली ही गोष्ट लोकांनी मनावर घेतली, तेव्हा घोटाळा उघड झाला. मे २००० मध्ये पीएचपी ४ आली, भाषा झपाट्यानं पसरली आणि लोक क्लास वापरून मोठी कामं करू लागले. तेव्हाचा एक दोष आपल्या फलकावरच पाहू. पीएचपीत नावांना देवनागरी अक्षरं चालतात, त्यामुळे ऑब्जेक्टला बिनदिक्कत `$गाडी` म्हणता येतं. हे `$गाडी` आपण ‘उशीर नोंदव’ नावाच्या फंक्शनकडे दिलं. फंक्शननं आत `$गाडी->उशीर` मध्ये चाळीस मिनिटं लिहिली आणि काम संपवलं. आता फलक छापला तर गाडी वेळेवर! कारण फंक्शनच्या हाती गाडी गेलीच नव्हती, तिची नक्कल गेली होती. उशीर नकलेला झाला आणि नक्कल फंक्शनबरोबर संपली.

अ‍ॅरेच्या बाबतीत हा स्वभाव सोयीचा असतो, कारण कुणाच्या हाती दिलेली यादी आपल्या नकळत बदलत नाही. पण ऑब्जेक्ट म्हणजे ओळख असलेली वस्तू, अशी कल्पना एकदा केली की तिची दर हस्तांतराला नक्कल निघणं म्हणजे कल्पनेलाच सुरुंग. उपाय होता. नावाआधी ‘&’ हे चिन्ह लावलं की नक्कल न जाता मूळच जायचं. परिणाम असा की, त्या काळचा पीएचपीतला ऑब्जेक्टी कोड ‘&’ चिन्हांनी देवीचे व्रण उठावेत तसा भरलेला असे. नवं ऑब्जेक्ट तयार करतानाही ते लावत, आणि एखाद्या ठिकाणी विसरलं की चूक सापडायला दिवस जाई. गंमत म्हणजे याच उपायाला पुढे भाषेनं गुन्हा ठरवलं. तयार होणाऱ्या ऑब्जेक्टला ‘&’ लावायची ती लकब पीएचपी ५.३ मध्ये नापसंत ठरली आणि पीएचपी ७ मध्ये थेट व्याकरणाची चूक झाली. चांगल्या हेतूनं, शिकवल्याप्रमाणे लिहिलेला कोड एका सकाळी धावेनासा झाला.

शिवाय पीएचपी ४ मध्ये पडदा नव्हता. क्लासमधलं सगळं सगळ्यांना उघडं. अमुक गोष्ट आतली आहे, हिला हात लावू नका, हे सांगायचं तर नावाआधी अधोरेषा काढून सभ्यतेवर भरवसा ठेवायचा.

जावा शिकून येणारे या भाषेला खेळणं म्हणत, ते यामुळेच. हैदराबादेत हा शिष्टपणा विशेष जाणवायचा. नोव्हेंबर १९९८ मध्ये पंतप्रधान वाजपेयींच्या हस्ते हायटेक सिटीतल्या सायबर टॉवर्सचं उद्घाटन झालं आणि अमीरपेठच्या गल्ल्यांत संगणक शिकवण्याचे क्लासेस दाटीवाटीनं उभे राहिले. नांदेड-परभणीकडची मुलं गाडीनं काचीगुड्याला किंवा सिकंदराबादला उतरायची आणि खोली शोधून अमीरपेठची वाट धरायची. तिथं जावा आणि डॉटनेट यांचं राज्य. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड म्हणजे काय, तर एन्कॅप्सुलेशन, ॲब्स्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम हे ‘चार खांब’ पाढ्यांसारखे पाठ करायचे. मुलाखतीत ‘ॲब्स्ट्रॅक्ट क्लास आणि इंटरफेस यांत फरक काय’ हे हमखास विचारलं जाणार. ज्या भाषेत इंटरफेसच नाही तिच्याविषयी मुलाखतीत काय विचारणार? पण एवढ्याशा पैशात मिळणाऱ्या सामाईक सर्व्हरवर फाइल चढवली की लगेच संकेतस्थळ सुरू, ही गोष्ट पीएचपीच देत होती. जावानं नोकरी मिळायची, पीएचपीनं चुलतभावाच्या दुकानाची वेबसाइट व्हायची.

१३ जुलै २००४ ला पीएचपी ५ आली आणि भाषेचा गाभा बदलला. ऑब्जेक्ट हातातून हातात जाताना आता नक्कल न जाता मुळाची ओळख जाऊ लागली. नक्कलच हवी असेल तर तसं सांगून, ‘क्लोन’ म्हणून, काढायची. पब्लिक, प्रोटेक्टेड, प्रायव्हेट असे पडदे आले. इंटरफेस आला, ॲब्स्ट्रॅक्ट आणि फायनल आले, चूक फेकण्याची आणि झेलण्याची सोय आली. यातलं बरंचसं जावाच्या वळणाचं होतं, आणि टीकाही तीच झाली की, जावाच लिहायची तर जावाच का लिहू नये?

पण खरी अडचण निराळी होती. भाषा बदलली तरी तिच्यावर उभी असलेली जगभरची संकेतस्थळं बदललेली नव्हती. काचीगुड्याहून मनमाडकडे जाणारा जुना मार्ग मीटरगेज होता. निजामाच्या रेल्वेनं १९१६ साली बांधलेल्या घुमट-मिनारांच्या या स्थानकातून निघालेला माणूस मुंबईला जायचा तर मनमाडला सामान उचलून ब्रॉडगेजच्या गाडीत चढायचा. रूळ बदलेपर्यंत पिढ्यांनी ते केलं. पीएचपी ४ आणि ५ मध्ये तसाच खंड पडला, फक्त इथं मनमाड कुठं आहे हेच ठरेना. सर्व्हर भाड्यानं देणारे म्हणत, लोकप्रिय सॉफ्टवेअर अजून ४ वर चालतं, आम्ही ५ का बसवू? सॉफ्टवेअर लिहिणारे म्हणत, सर्व्हरवाल्यांकडे ४ आहे, आम्ही ५ मधल्या सोयी कशा वापरू? तीन वर्षं अशी गेली. शेवटी २००७ साली अनेक मुक्त प्रकल्पांनी एकत्र येऊन ‘गो पीएचपी ५’ अशी हाक दिली आणि ५ फेब्रुवारी २००८ नंतरच्या नव्या आवृत्त्यांना किमान पीएचपी ५.२ लागेल असं ठरवलं. ऑगस्ट २००८ मध्ये पीएचपी ४ ची शेवटची आवृत्ती निघाली. वर्डप्रेसला मात्र पीएचपी ४ सोडायला जुलै २०११ उजाडला.

आता मूळ प्रश्नाकडे. पान तर तेव्हाही क्षणभरच जगत होतं. मग क्लास का जिंकले?

माझ्या मते याचं सर्वांत मोठं कारण तत्त्वज्ञानाचं नाही, फायली शोधण्याचं आहे, आणि पुस्तकांत त्याला फारसं महत्त्व दिलेलं दिसत नाही. पीएचपीत एका फाइलमधला कोड दुसरीत वापरायचा तर ती फाइल आधी नाव घेऊन ओढून आणावी लागते. पान क्षणभर जगणार, तर दर पानाला लागतील तेवढ्याच फायली ओढलेल्या बऱ्या. पण कुठल्या लागतील हे आधीच कसं कळणार? पीएचपी ५ नं याला उत्तर दिलं, ते ऑटोलोडचं. न ओळखीच्या क्लासचं नाव कोडमध्ये आलं की भाषा थांबते, आपण ठरवून दिलेल्या फंक्शनला विचारते, ‘हा कुठं राहतो?’, आणि ती फाइल आणून पुढं जाते. ही सोय क्लासला आहे, इंटरफेसला आहे, ट्रेटला आहे. साध्या फंक्शनला नाही. ती असावी असे प्रस्ताव अनेकदा आले, पण पीएचपी ८.४ पर्यंत तरी ती भाषेत आलेली नाही.

याचा परिणाम केवढा झाला पाहा. ज्याला दोन आकड्यांची बेरीज करणारं फंक्शन लिहायचं आहे, तोही ते एखाद्या क्लासमध्ये कोंबू लागला, कारण तरच ते आपोआप सापडणार. २००९ मध्ये वेगवेगळ्या चौकटींच्या (फ्रेमवर्कच्या) लेखकांनी एकत्र बसून क्लासचं नाव आणि फाइलचा पत्ता यांची सांगड घालणारा नियम ठरवला. २०१२ मध्ये नील्स आडरमान आणि योर्डी बोजियानो यांचं कंपोजर आलं आणि दुसऱ्यानं लिहिलेला क्लास एका आज्ञेत आपल्या प्रकल्पात येऊ लागला. सिम्फनी आणि लाराव्हेल या चौकटी याच पायावर वाढल्या. फंक्शनांच्या बाजूनं बोलणारे वादात हरले असं म्हणतात. माझ्या मते वाद झालाच नाही. रस्ता एका बाजूला बांधला गेला आणि वाहतूक तिकडून वाहू लागली.

आणि नाव सापडायचं तर ते दुसऱ्याच्या नावाशी भिडता कामा नये. ‘गाडी’ नावाचा क्लास मी लिहिला आणि मागवलेल्या दुसऱ्या संचातही ‘गाडी’ असली तर सगळं ठप्प. म्हणून लोक पत्त्यासारखी लांबलचक नावं ठेवत. यावर तोडगा म्हणजे नेमस्पेस, आडनावासारखी सोय, आणि ती जून २००९ मध्ये पीएचपी ५.३ बरोबर आली. पण येण्याआधी आडनाव आणि नाव यांच्यामध्ये चिन्ह कुठलं ठेवायचं यावरून महाभारत झालं. जोड-अपूर्णविराम वापरावेत तर ते क्लासच्या फंक्शनांसाठी आधीच राखीव होते आणि दोन अर्थ एकमेकांत मिसळत होते. तीन अपूर्णविरामांपासून नाना चिन्हं सुचवली गेली. ऑक्टोबर २००८ मध्ये विकासकांनी उलटी तिरकी रेघ निवडली, आणि विंडोजच्या फोल्डरांच्या पत्त्यात असते तीच ही रेघ, म्हणून जगभर टवाळी झाली. आज कुणाला तिचं काही वाटत नाही. चिन्हांवरची भांडणं सर्वांत कडाक्याची होतात आणि सर्वांत लवकर विसरली जातात.

दरम्यान वारसा (इनहेरिटन्स) नावाचा खांब हलत होता. फलकासाठी ‘गाडी’ हा मूळ क्लास केला आणि त्यात आरक्षणाचा तक्ता ठेवला. अजिंठा एक्सप्रेसला ठीक. पण काचीगुड्याला एमएमटीएसची लोकलही थांबते, तिला कसलं आरक्षण? मालगाडीला तर प्रवासीच नाहीत. मग ‘आरक्षित गाडी’ आणि ‘अनारक्षित गाडी’ असे उपप्रकार करायचे. पण एकाच एक्सप्रेसला आरक्षित आणि अनारक्षित असे दोन्ही डबे असतात! पुस्तकातली ‘कुत्रा हा प्राणी आहे’ छापाची उदाहरणं इथं कामाला येत नाहीत. पीएचपीत एका क्लासला एकच बाप. त्यावर मार्च २०१२ मध्ये पीएचपी ५.४ नं ट्रेट आणले, म्हणजे कुठल्याही क्लासमध्ये चिकटवता येणारा कोडचा तुकडा. काहींनी त्याला सोय म्हटलं, काहींनी ‘कॉपी-पेस्टला मिळालेली राजमान्यता’ म्हटलं. मी दुसऱ्या बाजूचा. गाडीला आरक्षण ‘असतं’, गाडी आरक्षण ‘नसते’. एवढं ओळखलं की वारसाही नको आणि ट्रेटही नको. गाडीच्या पोटात डब्यांची यादी ठेवली की भागतं.

या सगळ्याची झळ मराठी वाचकालाही लागली आहे, त्याच्या नकळत. मराठी विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी पीएचपीत आहे. मायबोली आणि मिसळपाव ही मराठी संकेतस्थळं ड्रुपलवर उभी राहिली आणि ड्रुपलही पीएचपीतलंच. बेल्जियमच्या द्रीस बॉयतार्त यांनी विद्यार्थिदशेत सुरू केलेल्या ड्रुपलची सारी करामत क्लासविना होती. तुमच्या जोडणीचं (मॉड्यूलचं) नाव ‘फलक’ असेल आणि तुम्ही ठरावीक शेपूट लावून एक फंक्शन लिहिलं, तर योग्य क्षणी ड्रुपल ते नावावरून ओळखून बोलावणार. याला हुक म्हणत. प्रोग्रामर नसलेला माणूसही चार फंक्शनं लिहून आपल्या संकेतस्थळाचा चेहरा बदलू शकायचा. मराठीसारख्या भाषेत, हौसेनं आणि नोकरी सांभाळून संकेतस्थळ चालवणाऱ्यांसाठी याचं मोल फार होतं.

ड्रुपल ८ ही आवृत्ती नोव्हेंबर २०१५ मध्ये आली ती सिम्फनीचे भाग घेऊन, क्लास आणि नेमस्पेसच्या पायावर. मोठ्या कंपन्यांना, मोठ्या गटांना ते हवंच होतं. हौशी माणसाला मात्र काल ज्या कामाला एक फंक्शन लागे त्याला आज तीन फायली आणि दोन नव्या शब्दावल्या लागू लागल्या. ७ वरून ८ वर जाणं म्हणजे दुरुस्ती नव्हती, घर पाडून बांधणं होतं. या वाटेला विरोध करणाऱ्या नेट आणि जेन लॅम्प्टन यांनी २०१३ मध्येच वेगळी चूल मांडून बॅकड्रॉप नावाचा फाटा काढला होता. वर्डप्रेसनं तर हा प्रश्न टाळलाच. आजही त्याची थीम लिहिणारा माणूस साधी फंक्शनं बोलावतो, आणि जगातल्या दर दहा संकेतस्थळांपैकी चाराहून अधिक त्यावर चालतात. ‘ऑब्जेक्टशिवाय मोठं काम होत नाही’ म्हणणाऱ्यांना हे उदाहरण नेहमीच अडचणीचं जातं.

जावास्क्रिप्टची कथा याच्या उलट्या बाजूनं जाते. १९९५ च्या मे महिन्यात ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत तिचा पहिला नमुना लिहिला तेव्हा तिच्यात ऑब्जेक्ट पहिल्यापासून होते, पण क्लास नव्हते. एक ऑब्जेक्ट दुसऱ्याला आपला नमुना मानायचं. क्लास आणण्याचा मोठा प्रयत्न २००८ मध्ये बारगळला आणि तो शब्द भाषेत आला २०१५ मध्ये, तोही खाली नमुन्यांचीच यंत्रणा ठेवून. ब्राउझरमधलं पान तासन्‌तास उघडं असतं, त्यामुळे तिथं ऑब्जेक्ट हवेत की नकोत हा वाद कधी झाला नाही. कसे हवेत, यावर झाला.

पीएचपीत नंतर आलेल्या गोष्टी पाहिल्या तर त्या बऱ्याच अंशी आपल्याच जुन्या मोकळेपणावर घातलेले लगाम आहेत. `$गाडी->फलाट` लिहायच्या जागी घाईत `$गाडी->फलट` लिहिलं, तर पीएचपी गुपचूप ‘फलट’ नावाचा नवा कप्पा तयार करायची आणि फलकावर जुनाच फलाट दिसत राहायचा. डिसेंबर २०२२ मधल्या ८.२ आवृत्तीपासून यावर ताकीद मिळते. ती आणायची की नाही यावरही खडाजंगी झाली, कारण या ढिलाईवर विसंबलेला जुना कोड अफाट होता. शेवटी ज्यांना हवं त्यांनी क्लासवर तशी पाटी लावून मुभा घ्यावी, असा मध्यम मार्ग निघाला. २०२१ मध्ये ८.१ बरोबर ईनम आले, म्हणजे गाडीची स्थिती ‘वेळेवर’, ‘उशिरा’, ‘रद्द’ यांपैकीच एक, चौथी नाहीच. फलकासारख्या कामाला वारशापेक्षा हे शतपट उपयोगी आहे, आणि इतकी साधी गोष्ट यायला सव्वीस वर्षं लागली याचं मला अजून नवल वाटतं.

असं होण्यात भाषेच्या कारभाराचाही हात आहे. कुणाही एकाच्या हुकमानं पीएचपीत बदल होत नाही. लेखी प्रस्ताव मांडायचा, चर्चा झेलायची, मग मतदान, आणि भाषेच्या बदलाला दोन तृतीयांश मतं. ऑब्जेक्टमधला कप्पा वाचताना किंवा भरताना मधे थोडा कोड चालवता यावा, असा प्रस्ताव जानेवारी २०१३ मध्ये मताला आला. बाजूनं मतं जास्त पडली, पण दोन तृतीयांश नाही, म्हणून तो पडला. तीच सोय निराळ्या रूपात लॅरी गारफिल्ड आणि इलिया तोविलो यांनी पुन्हा मांडली आणि नोव्हेंबर २०२४ च्या पीएचपी ८.४ मध्ये ती आली. हेच गारफिल्ड ड्रुपलला सिम्फनीकडे नेणाऱ्या कामात पुढे होते आणि ईनमच्या प्रस्तावावरही या दोघांची नावं आहेत.

मग क्षणभराच्या आयुष्याचं काय? त्याचं अर्धं उत्तर २०१३ मध्ये ५.५ आवृत्तीसोबत आलेल्या ओपीकॅशनं दिलं. पान संपलं की त्यातली `$गाडी` पुसली जाते. ‘गाडी’ क्लासचा समजून घेतलेला, पचवलेला कोड मात्र स्मृतीत राहतो आणि पुढच्या पानाला तयार मिळतो. वस्तू मरते, तिची व्याख्या उरते. क्लासचा उपयोग वस्तूला नव्हताच, तो होता वर्षानुवर्षं तो कोड वाचणाऱ्या, बदलणाऱ्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांना. पान किती जगतं यापेक्षा कोड किती जगतो हे महत्त्वाचं ठरलं, आणि पीएचपीतला कोड कुणी कल्पिला नव्हता इतका जगला.

उरलेलं अर्धं उत्तर आत्ता कुठे लिहिलं जातं आहे. स्वूल, रोडरनर, फ्रँकनपीएचपी अशा नव्या सर्व्हरांवर पीएचपीचा कार्यक्रम पानागणिक मरत नाही, एकदा उभा राहून हजारो पानांची मागणी पुरवतो. २०२१ मध्ये आलेलं लाराव्हेलचं ऑक्टेन याच तऱ्हेनं चालतं. वेग वाढतो, पण जुन्या सवयी अंगावर येतात. क्लासच्या स्टॅटिक कप्प्यात एका प्रवाशाचं नाव ठेवलं आणि पुसायचं राहिलं, तर ते पुढच्या प्रवाशाच्या पानावर उमटू शकतं. कोरी पाटी गृहीत धरून लिहिलेल्या कोट्यवधी ओळींत अशी किती नावं राहून गेली असतील, सांगता येत नाही. ऑक्टेनच्या माहितीपत्रकात याविषयी इशारे आहेत. शिवाय एक खबरदारी ऑक्टेनमध्ये आधीपासूनच घेऊन ठेवली आहे: वेगळं काही सांगितलं नाही, तर पाचशे मागण्या पुरवून झाल्या की तो कार्यक्रम मुद्दाम संपवायचा आणि नवा सुरू करायचा.